मानेखालचं दुःख

“मग रडून दाखवू का?” अण्णांनी विचारलं. “तसं सांग. रडायला काय लागतंय!”

जयदीप ब्रश हातात धरून उभा राहिला.

“रडू नका, अण्णा. फक्त... थोडं गंभीर बसा.”

“कुणासाठी?”

जयदीपनं ब्रशचं टोक उगाच पुसलं.

अण्णा मेस्त्री म्हणजे कोल्हापुरातले जुने व्यक्तिचित्रकार. मंगळवार पेठेत, एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ. गावातल्या कितीतरी दिवाणखान्यांत भिंतीवरून जे पूर्वज खाली बघत असतात, ते अण्णांच्या हातचे.

जयदीप हळदकर त्यांचा शिष्य. ऐन विशीत इथंच शिकला, मग मुंबईला गेला, मग देशाबाहेर. आता त्याचं नाव झालं होतं, आणि ते दुःखाशी जोडलेलं होतं. त्याच्या चित्रांतली माणसं खचलेली असत. डोळे खोल गेलेले, ओठ घट्ट मिटलेले. माणसाच्या मनातलं हा चेहऱ्यावर आणतो, असं समीक्षक लिहीत. तोही तसंच म्हणे. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात शेंदरी रंगातली त्याची लफ्फेदार सही लांबूनही ओळखू येई.

मार्गशीर्षात काकी गेल्या. अण्णांची बायको. जयदीप तेव्हा परदेशात होता, प्रदर्शनात. येऊ शकला नाही. माघात आला तो कॅनव्हास घेऊनच.

“तुमचं चित्र काढायचंय,” तो म्हणाला. सांत्वनाचं बोलणं अजून पुरतं संपलंही नव्हतं.

“काढ की, जयदीपराव.”

त्याचं नाव मोठं झाल्यापासून अण्णा त्याला जयदीपराव म्हणत. त्याआधी नुसता जया होता. ते ‘राव’ त्याला टोचायचं.

होकार इतक्या सहज मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. दिल्लीच्या प्रदर्शनात मधल्या भिंतीवर हेच चित्र लावायचं, हे त्यानं गाडीतच ठरवून टाकलं होतं. बायको गेलेला म्हातारा गुरू. आणखी काय पाहिजे?

पण खरी ओढ वेगळीच होती, आणि ती तो कुणाजवळ बोलत नसे.

अण्णांच्या स्टुडिओत एक रीत होती. काम संपलं की ब्रश शिष्यानं धुवायचे, आपले आणि गुरूचेही. पण ज्या दिवशी शिष्याच्या हातून खरा माणूस कॅनव्हासवर उतरे, त्या दिवशी अण्णा त्याचे ब्रश स्वतः धुवायचे. तोंडानं शाबासकी नाही, पाठीवर हात नाही. उठायचे, ब्रश गोळा करायचे आणि मोरीकडे चालू लागायचे. फार थोड्यांच्या वाट्याला ते आलं होतं.

जयदीपच्या वाट्याला नव्हतं.

“म्हातारा चिक्कू आहे,” असं तो मुंबईत मित्रांना हसत हसत सांगे. पण परदेशात भरल्या सभागृहात बक्षीस घेतानाही त्याला ती मोरी आठवली होती.

पहिल्या दिवशी आल्या आल्या त्यानं खांद्यावरची पिशवी खिडकीखालच्या लाकडी पेटीवर ठेवली.

“ती खाली ठेव,” अण्णा म्हणाले.

पेटी म्हणजे काकींची जागा. चित्रासाठी समोर बसलेला माणूस हमखास आखडतो, चेहऱ्याचा पुठ्ठा होतो. मग काकी त्या पेटीवर मेथी निवडत बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. तुमच्याकडं नळाला पाणी कधी येतं? सुनेचं बाळंतपण कुठं केलं? बोलता बोलता माणूस सैल सुटायचा. मधेच अण्णा एखादा ठेवणीतला किस्सा सोडायचे. किस्से शिळे, सगळ्यांना पाठ. पण किस्सा संपला की पेटीवरून काकींचा आवाज यायचा, “झालं का तुमचं?”

लोक हसायचे ते त्यालाच.

जयदीपनं पिशवी खाली ठेवली.

अण्णा गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले, खिडकीला डावा खांदा देऊन. आयुष्यभर समोरून बघितलेल्या खुर्चीत पहिल्यांदाच.

“मऊ आहे की रे! आणि हे लोक कुरकुरायचे.”

“अण्णा, जरा खाली बघा. काकींची आठवण काढा.”

“काढायला ती गेलीय कुठं?... बरं ते राहू दे. एकदा काय झालं, एक इनामदार आले...”

जयदीपनं निःश्वास टाकला आणि ब्रश खाली ठेवला.

असं रोज चालायचं. अण्णांचा किस्सा सुरू झाला की जयदीप ब्रश ठेवायचा आणि मान खाली घालून पॅलेटवर रंग कालवत राहायचा. किस्सा संपला, चेहरा जागेवर आला, की पुन्हा काम. किस्से फार होते. दिवस वाया जात होते. शेवटी त्यानं समोरच्या माणसाचा नाद सोडला आणि हाताला जे ठाऊक होतं ते काढलं. झुकलेल्या पापण्या. खाली ओढलेले ओठांचे कोपरे. कपाळावर सावली.

चित्र झालं. त्यानं सही केली.

“या अण्णा, बघा.”

अण्णा खुर्चीतून उठले, गुडघे चोळत आले, चित्रासमोर उभे राहिले.

“हा कोण?”

“तुम्ही.”

“माणूस बरा दिसतोय... बायको गेली वाटतं याची?”

“अण्णा!”

“नाही नाही, चांगलं काढलंयस. भुवया बघ. ओठ बघ. पण असलं तोंड घेऊन मी घरी गेलो असतो ना, तर तिनं दारातच विचारलं असतं, पोट बिघडलंय का म्हणून.”

जयदीपचे कान तापले.

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला. ओल्या रंगाला लागणार नाही असा, चित्रातल्या चेहऱ्यापुढे धरला.

“आता सांग. हा कोण?”

जयदीप बघत राहिला. सदरा. दोन खांदे. मांडीवर ठेवलेले दोन हात. सदऱ्याच्या चुण्या सुरेख उतरल्या होत्या. हातांत चूक काढायला जागा नव्हती. पण ते हात कुणाचेही असते. दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या माणसाचे. ओळखपत्राचा फोटो काढायला बसलेल्याचे.

“बोल की.”

...

“याचं दुःख सगळं मानेच्या वर आहे,” अण्णा म्हणाले. “मानेखाली अजून बातमी पोचलेली नाही.”

त्यांनी वाकून कोपऱ्यातली शेंदरी सही न्याहाळली.

“सही मात्र झकास. ही सगळ्यात आधी वाळणार.”

जयदीपचा तोल गेला.

“तुम्हाला काहीच वाटत नाही का, अण्णा? काकी जाऊन दोन महिने होताहेत, आणि तुम्ही किस्से सांगताय! मी काढू काय? जे चेहऱ्यावर नाहीच, ते आणू कुठून?”

खाली वखारीत करवत चालली होती. ती नेमकी तेव्हाच थांबली.

...

अण्णांनी पंचा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

“चेहऱ्यावर नाही म्हणतोस?”

“नाही.”

“मग चेहरा काढू नको.”

“म्हणजे?”

“उद्या ये. तोंडाकडं बघायचं नाही. बाकी मी आहेच की सगळा.”

संध्याकाळी जयदीपनं मुंबईचं तिकीट काढलं. सकाळी सामान भरलं, रिक्षात बसला आणि रिक्षावाल्याला स्टँड म्हणायच्या ऐवजी मंगळवार पेठ म्हणून गेला. ती मोरी काही त्याला सोडत नव्हती.

माडीवर आल्यावर त्यानं आधी कॅनव्हास खरवडला. चेहरा सहज निघाला. शेंदरी सहीपाशी पातं जरा अडखळलं.

अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी पंचा डोक्यावरून पुढे ओढून थेट छातीपर्यंत सोडला.

“घे. पदर घेतलाय.”

जयदीपला हसू आलं नाही. त्यानं खांद्यांपासून सुरुवात केली. मग कोपर. मग खुर्चीच्या हातावर टेकलेला पंजा. चेहरा नाही म्हटल्यावर डोळ्यांना जायला दुसरी जागाच उरली नाही. कुठं सदरा ताणला गेलाय, कुठं सैल पडलाय. उजवा हात जड, खुर्चीला चिकटलेला. डावा तसा नाही.

“पदरावरून आठवलं,” पंच्याआडून आवाज आला. “एकदा एक इनामदार आले.”

जयदीपचा हात सवयीनं ब्रश ठेवायला निघाला, आणि थांबला. चेहरा हलेल म्हणून तो ब्रश ठेवायचा. आज चेहरा नव्हताच. तो काम करत राहिला.

“म्हणाले, मास्तर, मिशा जरा भरदार काढा. काढल्या. चित्र घरी गेलं. बायकोनं बघितलं आणि चटकन डोक्यावर पदर घेतला. इनामदार खूश! म्हणाले, बघा, चित्राचासुद्धा काय दरारा आहे! बायको म्हणाली, दरारा कसला, परका पुरुष बसलाय ना भिंतीवर! इनामदार तसेच माघारी आले. मास्तर, मिशा बारीक करा. केल्या. चित्र परत घरी. बायकोनं बघितलं, पदर खाली सोडला आणि म्हणाली, अगं बाई, पाव्हणे गेले वाटतं! मी तर चहा टाकला होता.”

किस्सा संपला.

आणि अण्णांचा डावा हात खुर्चीवरून उठला.

फार नाही, किंचित. बोटं उघडली. डावा खांदा सैल होऊन खाली आला. छातीत हसण्यापुरता श्वास भरून घेतलेला, पण सोडलेला नाही. अख्खा माणूस बोटभर खिडकीकडं कलला, आणि तसाच थांबला.

पेटीवर ऊन पडलं होतं.

...

मग हात हळूच खाली आला. श्वास सुटला.

“चहा घेणार का, जयदीपराव?” पंच्यानं विचारलं.

जयदीप हलला नाही. रोज हेच होत असणार. प्रत्येक किस्सा संपताना. आणि नेमका तेवढा वेळ तो मान खाली घालून रंग कालवत होता.

“अण्णा.”

“काय?”

“इनामदारांचा परत सांगा.”

“आत्ताच सांगितला की!”

“परत सांगा.”

अण्णांनी परत सांगितला. हात परत उठला.

त्या दिवसापासून सगळं उलटं झालं. अण्णा कंटाळून गप्प बसायला लागले, की जयदीप किस्सा मागायचा.

“दुसरा सांगू का? म्हशीचा?”

“नको. तोच.”

“हसत तर नाहीस मेल्या.”

“सांगा तुम्ही.”

किस्सा संपायचा. हात उठायचा. माणूस खिडकीकडं कलायचा... आणि माडीवर असं काही शांत व्हायचं, की जयदीपच्या ओठांवर ते शब्द येऊन उभे राहायचे. झालं का तुमचं? एवढंच म्हणायचं होतं. एकदा तर जीभ उचललीही. त्यानं ब्रशचा दांडा दातांत घट्ट धरला. ते बोलायचा हक्क आपला नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं नवा कॅनव्हास लावला, आधीच्यापेक्षा रुंद. माणूस मधोमध बसवायचा, हा अण्णांचाच धडा. तो त्यानं मोडला. अण्णांना डाव्या कडेला सारलं. उजवीकडची सगळी बाजू उघडी ठेवली. तिथं पेटी काढली नाही, खिडकी काढली नाही. नुसता उजेड येऊ दिला. वर निळसर, खाली उतरता उतरता हळदीसारखा.

दिल्लीचं प्रदर्शन त्याला आठवलं ते पुष्कळ दिवसांनी, तेही दुसऱ्याच्या घरचं कार्य आठवावं तसं.

चेहऱ्याच्या जागी अजून कोरा गोल होता. तरी अण्णा त्यात बसलेले दिसत होते. कुणीही ओळखले असते.

एका सकाळी अण्णांनी आपणहून पंचा काढला.

“गुदमरायला लागलंय. बघ आता तोंडाकडं. परवानगी आहे.”

“इनामदार सांगा.”

“आज तूच सांग.”

“मला नाही येत, अण्णा. तुम्ही सांगा.”

अण्णांनी सांगितला. संपला. जयदीपनं या वेळी वर बघितलं.

भुवया चढलेल्या. डोळ्यांत खोडी केलेल्या पोराचा मिस्कीलपणा. ओठ मिटलेले, पण घट्ट नाहीत. हसू तोंडात धरून ठेवलेलं, कुणीतरी अडवलं की फुटायचं म्हणून. ज्याला तो इतकी वर्षं दुःख म्हणत आला होता, त्यातली एक रेघही तिथं नव्हती.

त्यानं ब्रश उचलला. हात धावत सुटला. पापणी, गालाची चढण, हनुवटीखालची सावली. दुःखी चेहरा काढायला त्याला आठवडे लागायचे. हा चेहरा आपल्या पायांनी चालत आला. कुठं दुरुस्ती नाही, कुठं खोडणं नाही. कधी नव्हे ते चित्र काढताना जयदीप गुणगुणत होता, आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

चहा निवून त्यावर साय धरली तेव्हा तो मागं सरकला.

“बघा, अण्णा.”

अण्णा आले. आधी लांब उभे राहिले. मग जवळ. मग त्यांनी पंचा काढला आणि चित्रातल्या चेहऱ्यापुढे धरला.

उठलेला डावा हात. उघडी बोटं. कललेला खांदा.

...

पंचा बराच वेळ तसाच धरलेला राहिला.

मग तो खाली आला. अण्णांनी चेहरा पाहिला. आणि मग त्यांची नजर सरकत सरकत उजवीकडं गेली, त्या मोकळ्या उजेडात, आणि तिथंच राहिली.



जयदीप वाट बघत होता. ‘हा कोण?’ हा प्रश्न येईल म्हणून. आला नाही. मग त्यानं बारीक ब्रश घेतला, शेंदरी रंगात बुडवला आणि सवयीनं उजव्या कोपऱ्याशी वाकला.

मागं डब्यात लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला.

त्यानं वळून बघितलं.

अण्णांनी त्याचे सगळे ब्रश मुठीत गोळा केले होते. लहान, मोठे, चपटे. एकही खाली पडू नये म्हणून छातीशी धरून ते मोरीकडं निघाले होते.

“अण्णा, राहू द्या, मी धुतो...”

“गप बस.”

त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळले, फडक्यानं पुसले. नळ सोडला. धुण्याच्या साबणावर एकेक ब्रश घासून तळहातावर गोल गोल फिरवायला लागले. आधी फेस पिवळा आला. मग निळसर. मग पांढरा.

जयदीप उभ्या जागी खिळला. खिडकीतून ओरडून सगळ्या पेठेला सांगावंसं त्याला वाटत होतं. खाली करवत सुरू झाली. पायाखालच्या फळ्या थरथरल्या. हातातल्या बारीक ब्रशावरचा शेंदरी थेंब लोंबायला लागला. तो भानावर आला, हसला, डोळे बाहीला पुसले आणि सही करायला पुन्हा उजव्या कोपऱ्याशी वाकला.

“जया.”

किती वर्षांनी!

नळ चालूच होता. अण्णांची पाठ त्याच्याकडं होती. त्यांनी हातातला ब्रश झटकला, बोटांनी त्याचं टोक नीट केलं, आणि मान न वळवता म्हणाले,

“सही डावीकडं कर. उजवीकडं ती बसलीय.”